गोव्यातला गल्लीबोळांतला दवाखाना

ऊन चढायच्या आत बरंचसं काम उरकायचं असतं, म्हणून गाड्या सकाळी लवकर निघतात. मासळीबाजाराच्या मागे, देवळाच्या पायऱ्यांवर, किनाऱ्यावरच्या शॅकच्या सावलीत कुत्री पसरलेली असतात. लांब दांड्याच्या जाळ्या घेतलेली माणसं बोलणं थांबवून दोन बाजूंनी पुढे सरकतात. जाळी पडते, तोंड पिळून बंद केलं जातं. एकजण जाळीच्या भोकातूनच लस टोचतो, दुसरा अंगावर रंगाचा पट्टा ओढतो, तिसरा मोबाइलवर नोंद करतो: नर की मादी, पिल्लू की मोठं, कानाला नसबंदीची खूण आहे की नाही. मग जाळी सुटते आणि कुत्रं धूम ठोकतं. सरावलेल्या हातांना या सगळ्याला फार वेळ लागत नाही.

गोव्यात वर्षानुवर्षं चाललेलं हे काम ‘मिशन रेबीज’चं. ब्रिटिश पशुवैद्य ल्यूक गॅम्बल यांच्या ‘वर्ल्डवाइड व्हेटरनरी सर्व्हिस’ या संस्थेने २०१३ मध्ये ही मोहीम भारतात सुरू केली. सुरुवातीला देशातल्या अनेक ठिकाणी मिळून महिन्याभरात ५० हजार कुत्र्यांना लस द्यायचा संकल्प होता, आणि तो पारही पडला. पण एकदा लस देऊन निघून गेलं तर रोग काही महिन्यांत परत येतो. एखादं अख्खं राज्य धरून वर्षानुवर्षं तिथेच काम करायला हवं होतं. त्यासाठी गोवा निवडला गेला. क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे आवाक्यातलं. शिवाय राज्य सरकार सोबत यायला तयार. पशुसंवर्धन खातं, आरोग्य खातं, पंचायती आणि स्थानिक प्राणिमित्र संस्था या कामात उतरल्या.

रेबीजचं गणित समजलं की ही धावपळ कशासाठी ते कळतं. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळपास कधीच वाचत नाही. जगात दरवर्षी अंदाजे ५९ हजार माणसं याने मरतात आणि त्यांतला सुमारे एक तृतीयांश वाटा भारताचा आहे. माणसाला होणारा रेबीज ९९ टक्के वेळा कुत्र्याकडूनच येतो. म्हणजे कुत्र्यांमधली साखळी तोडली की माणूस वाचला. ती तुटण्यासाठी प्रत्येक कुत्र्याला लस द्यावी लागत नाही. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना दिली की विषाणूला पुढचं कुत्रं गाठणं अवघड होतं. मात्र रस्त्यावरच्या कुत्र्याचं आयुष्य थोडं आणि पिलावळ मोठी, त्यामुळे हे ७० टक्के दरवर्षी नव्याने भरून काढावे लागतात. कुत्री मारून हा प्रश्न सुटत नाही. मारलेल्यांत लस दिलेलीही जातात आणि रिकाम्या झालेल्या जागेत लस न दिलेली नवी येतात.

अंगावरच्या त्या रंगाच्या पट्ट्याचं महत्त्व इथेच आहे. लसीकरण झाल्यावर पाहणी करणारे त्याच रस्त्यांवरून फिरतात आणि पट्ट्याची किती, बिनपट्ट्याची किती ते मोजतात. सत्तराच्या खाली आकडा आला तर पथक पुन्हा त्या वाड्यावर जातं. कोणत्या पथकाने कुठली गल्ली केली, कुठली राहिली, हे मोबाइलच्या नकाशावर दिसत असतं. सरकारी मोहिमांत ‘इतक्या लसी टोचल्या’ एवढा आकडा आपण नेहमी ऐकतो. किती कुत्री राहिली, हा आकडा मात्र क्वचितच कुणी सांगतं. गोव्याने तो मोजला, आणि माझ्या मते या कामाचं खरं मर्म तेच आहे.

जाळीलाही मर्यादा आहेत. हुशार कुत्री गाडी ओळखतात आणि दुरूनच पसार होतात. म्हणून गोव्यात दुसऱ्या वाटेचीही चाचपणी झाली. दुचाकीवरून फिरणारी माणसं कुत्र्यांपुढे खाण्याचं आमिष टाकतात. त्यात तोंडावाटे द्यायची लस घालता येईल का, हा प्रश्न होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लसीविना नुसती आमिषं वापरली होती. जाळीच्या तुलनेत माणशी तिपटीहून जास्त कुत्र्यांपर्यंत पोचता आलं.

या मोहिमेचा दुसरा हात शाळांत आहे. पिसाळल्याचा संशय असलेल्या जनावरांनी चावलेल्यांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून शिक्षकांची पथकं वर्गावर्गांत जातात. झोपलेल्या, खाणाऱ्या कुत्र्याला किंवा पिल्लांजवळच्या कुत्रीला हात लावू नये. कुत्रं अंगावर आलं तर पळू नये, हात अंगाशी घेऊन झाडासारखं स्तब्ध उभं राहावं. चावलंच तर घरी लपवू नये. एवढं तिसरी-चौथीतल्या मुलालाही समजतं आणि ते घरी जाऊन आजीलाही सांगतं. गोव्यात ही पथकं वर्षाला सुमारे दीड लाख मुलांपर्यंत पोचली.

तिसरं काम पशुवैद्य घडवण्याचं. आपल्याकडची पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची. तिचा भर साहजिकच गाई-म्हशींवर आणि शेतकऱ्याच्या गोठ्यावर असतो. कुत्रीच्या नसबंदीची शस्त्रक्रिया स्वतःच्या हाताने पुरेशा वेळा केलेली नसलेले तरुण डॉक्टर कामाला लागतात. त्यांच्यासाठी ‘वर्ल्डवाइड व्हेटरनरी सर्व्हिस’ने उटीत आणि पुढे गोव्यात प्रशिक्षण केंद्रं चालवली. अनुभवी शल्यविशारद शेजारी उभा राहतो आणि शिकणारा हातात सुरी घेतो.

रस्त्यावरच्या जनावरांचं वैद्यक वेगळं का शिकावं लागतं, हे तिथल्या टेबलावर कळतं. घरच्या कुत्र्याचे टाके काढायला मालक दहा दिवसांनी घेऊन येतो. रस्त्यावरच्या कुत्रीला कोण आणणार? म्हणून टाके आतून, विरघळणाऱ्या दोऱ्याचे. छेद शक्य तितका लहान, कारण सोडल्यावर ती पुन्हा गटाराकाठीच झोपणार आहे. प्रत्येक जनावराला निर्जंतुक केलेली वेगळी हत्यारं, वेदनाशामक, आणि जखम तपासूनच सुटका. भूल उतरायच्या आत कानाला छोटी खाच, म्हणजे पुन्हा कुणी तिचं पोट फाडणार नाही. यांतली एक पायरी गाळली तर कुत्री सोडल्यावर कुठेतरी आडोशाला मरते आणि कुणाला कळतही नाही. मालक नसलेल्या जनावराच्या बाजूने जाब विचारणारं कुणी नसतं, म्हणून त्याचा डॉक्टर जास्त काटेकोर असावा लागतो.

अनाथ जनावरांवर उपचार करता करता डॉक्टर शिकवायचे, ही कल्पना मराठी मुलखाला नवी नाही. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट या धर्मादाय प्राणी रुग्णालयाच्या आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि रुग्णालयातल्या जनावरांवर उपचार करत विद्यार्थी शिकू लागले. गोव्याने ती शाळा रस्त्यावर नेली.

फळ काय मिळालं? २०१४ मध्ये गोव्यात १७ माणसं रेबीजने दगावली होती. २०१८ आणि २०१९ या वर्षांत एकही नाही. वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस मिळू लागली आणि कुत्र्यांमधल्या रेबीजच्या मासिक घटना ९२ टक्क्यांनी घटल्या. ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकाने २०२२ मध्ये हा सगळा हिशेब प्रसिद्ध केला. त्याआधी, २०२१ मध्ये गोवा सरकारने राज्य ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलं होतं.

तरी काम संपलेलं नाही. दोडामार्ग किंवा कारवारकडून येणारं कुत्रं तपासणी नाक्यावर थांबत नाही. शेजारच्या जिल्ह्यांत विषाणू आहे तोवर गोव्याला दरवर्षी लस टोचत राहावंच लागेल. सिंधुदुर्गाने ही पद्धत उचलली तर फायदा दोघांचाही आहे. कुत्र्यांपासून होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवायचा, असा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्राने २८ सप्टेंबर २०२१ रोजी, जागतिक रेबीजदिनी, जाहीर केला आहे. महाराष्ट्रातल्या महापालिकांनी आणि जिल्हा परिषदांनी नुसत्या लसींचा आकडा न देता प्रभागवार टक्केवारी मोजून लोकांपुढे ठेवावी. पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी रस्त्यावरच्या जनावरांचं वैद्यक हा हाताने शिकायचा विषय करावा.

आणि वाचकांसाठी एवढंच: कुत्रं चावलं तर जखमेवर चुना, हळद किंवा मिरचीपूड लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, आणि लसीचे सगळे डोस पुरे करा. दारच्या कुत्र्याला रोज भाकरी घालत असाल, तर वर्षातून एकदा त्याला लस मिळेल हेही बघा.