असावे, असाव्यात : संगणकसमूहाशी बोलण्याचे व्याकरण

न्हावा-शेवाचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. तिथल्या क्रेनला पेटीत कांदा आहे की कापड, याच्याशी देणेघेणे नसते. पेटीचे माप ठरलेले असले की पुरे. त्याच नवी मुंबईत, उत्तरेला महापे, रबाळे, ऐरोलीच्या पट्ट्यात डेटा सेंटर उभी आहेत. संगणकाच्या जगातही ‘कंटेनर’ असतात : एखादा प्रोग्राम आणि त्याला लागणारे सारे सामान एकत्र बांधलेले गाठोडे. अशी शेकडो गाठोडी अनेक संगणकांवर वाटून सांभाळणारी, गूगलने २०१४ मध्ये सर्वांना खुली केलेली प्रणाली म्हणजे ‘कुबरनेटिस’. ग्रीक भाषेत हा शब्द सुकाणू धरणाऱ्याचा. ‘गव्हर्नर’ही त्याच कुळातला.

या समूहाशी बोलायच्या मुख्य वाटा तीन. ‘क्यूबसीटीएल’ या साधनाने आज्ञा टाइप करायची. ब्राउझरमधल्या डॅशबोर्डवर पाहून बटण दाबायचे. किंवा दुसऱ्या प्रोग्रामकरवी परस्पर निरोप धाडायचा. तिन्ही वाटा एकाच दाराशी येतात : एपीआय सर्व्हर. तिथे विचारणा होते. तू कोण? तुला हा अधिकार आहे का? मागणी नियमात बसते का? मगच ‘ईटीसीडी’ नावाच्या दप्तरात नोंद होते.

ही नोंद आज्ञार्थात नसते, विध्यर्थात असते. ‘दोन प्रती सुरू कर’ असे नव्हे, तर ‘पाच प्रती चालू असाव्यात’. मग नियंत्रक प्रोग्राम अखंड ताडून पाहतात : असावे काय आणि आहे काय? रात्री एखादा संगणक बंद पडून तीनच प्रती उरल्या, तर उरलेल्या दोन दुसरीकडे उभ्या राहतात; कुणाला उठवावे लागत नाही.

मात्र पाचाऐवजी चुकून शून्य लिहिले, तर तेही तितक्याच निष्ठेने पाळले जाते. म्हणून जाणती मंडळी इच्छित स्थिती फाइलमध्ये लिहितात, दुसऱ्याकडून वाचून घेतात, मगच पाठवतात. घाईत हाताने केलेला बदल फाइलमध्ये उतरत नाही. पुढच्या वेळी तीच फाइल पाठवली की तो पुसला जाऊ शकतो.

दारावरची विचारणाही तितकीच मोलाची. २०१८ मध्ये टेस्ला कंपनीचा असा एक डॅशबोर्ड पासवर्डविना उघडा सापडला. आत शिरलेल्यांनी कंपनीच्या संगणकांवर स्वतःसाठी आभासी चलन निर्माण करण्याचे काम चालवले होते. समूहाने ते निमूट केले. इच्छा कुणाची, हे दारातच विचारायचे असते; आत गेल्यावर ती फक्त पुरी होते.