लिंबूटिंबूलाही जिंकता येते!

मुलांनो, पकडापकडी खेळताना घरातले धाकटे भावंड "मी पण, मी पण" करीत मागे लागले, की आपण काय करतो? त्याला लिंबूटिंबू करतो. लिंबूटिंबू पळतो, ओरडतो, धमाल करतो. पण तो पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. जपानी मुलांतही अगदी हीच पद्धत आहे. ओनिगोक्को खेळताना अशा लहानग्याला 'मिसोक्कासु' म्हणतात. कानसाईकडे राहणाऱ्यांनी 'गोमामे' हा शब्दही ऐकला असेल.

ही सोय प्रेमळ आहे खरी, पण तिच्यात एक उणीव आहे. लिंबूटिंबूवर राज्य येत नाही, तसा तो कधी खराखुरा जिंकतही नाही. थोडे कळते वय झाले, की ही गोष्ट त्याच्या लक्षात येते आणि मग रडारड सुरू होते.

क्योतो शहरातल्या निन्तेंदो कंपनीच्या एका खेळाने या अडचणीवर छान तोड काढली आहे. तो खेळ म्हणजे 'मारिओ कार्ट'. शर्यतीचा हा व्हिडिओ गेम २७ ऑगस्ट १९९२ रोजी जपानमध्ये सुपर फामिकॉन या यंत्रासाठी प्रथम निघाला. पुढे नव्या नव्या यंत्रांवर तो नव्या रूपांत येत राहिला. २०१७ साली आलेल्या 'मारिओ कार्ट ८ डिलक्स'च्या ६ कोटींहून अधिक प्रती खपल्या, आणि जून २०२५ मध्ये 'मारिओ कार्ट वर्ल्ड' आला. पहिला खेळ खेळलेली मुले आता आई-बाबा झाली, तरी या खेळाची गोडी कमी झालेली नाही. असे का, ते पाहू या.

पहिले कारण आहे रस्त्यांचे. १९९० साली निन्तेंदोने 'एफ-झीरो' नावाचा शर्यतीचा खेळ काढला होता. तो फार वेगवान होता, पण एकट्यानेच खेळायचा. शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दोघांनी मिळून खेळायचा शर्यतीचा खेळ करायचा होता. दोघांसाठी पडद्याचे वर आणि खाली असे दोन भाग करावे लागतात, म्हणजे यंत्राला एकाच वेळी दोन चित्रे दाखवावी लागतात. एफ-झीरोमधले लांबलचक सरळ रस्ते आणि तो वेग त्या यंत्राला दोन चित्रांत झेपेना. म्हणून रस्ते लहान व वळणावळणाचे केले आणि त्यांना शोभतील अशा बुटक्या कार्ट गाड्या घेतल्या. गंमत म्हणजे सुरुवातीला गाडीत एक साधाच माणूस होता, मारिओ नंतर येऊन बसला! या अडचणीचा फायदाच झाला. लहान रस्त्यावर खेळणारे एकमेकांपासून फार लांब जात नाहीत आणि मागच्याला पुढचा दिसत राहतो. पुढचा दिसत असला, की त्याला गाठायची जिद्दही टिकते.

दुसरे कारण म्हणजे हा खेळ शिकायला सोपा आहे. एक बटण दाबून धरले की गाडी पळते. बाकी फक्त वळवायची. 'मारिओ कार्ट ८ डिलक्स'मध्ये तर गाडी आपोआप पळत राहील आणि रस्त्याबाहेर जाऊ लागली की पुन्हा रस्त्यावर येईल, अशीही सोय आहे. त्यामुळे तीन-चार वर्षांचे मूलही शर्यत पुरी करू शकते. मात्र ही सोय घेतली तर काही जवळच्या वाटा बंद होतात. म्हणजे चांगले खेळता येऊ लागले, की सोय सोडून देण्यातच फायदा असतो. सायकलची जादा चाके आपण अशीच काढतो, नाही का?

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. रस्त्यात प्रश्नचिन्हाच्या पेट्या असतात. पेटीला गाडी लागली की एखादी वस्तू मिळते. ती कोणती मिळणार हे बरेचसे नशिबावर असते. पण तुम्ही किती मागे आहात, हेही खेळ पाहतो. सर्वांत पुढे असाल तर केळ्याची साल किंवा एखादे नाणे मिळण्याची शक्यता जास्त. खूप मागे असाल तर गाडीला जोर देणारी अळिंबी (आपली ओळखीची 'किनोको'), धक्का लागू न देणारा तारा, नाहीतर बाकी साऱ्यांना बारीक करून टाकणारी 'कामिनारी' म्हणजे वीज मिळू शकते. १९९६ सालच्या 'मारिओ कार्ट ६४'पासून निळे काटेरी कवचही आले. ते थेट पहिल्या गाडीचा माग काढत जाते!

इथे ताई-दादा लोक तक्रार करतात, "हा अन्याय आहे. मी चांगला खेळलो, मग मलाच का मार?" तक्रार अगदीच खोटी नाही. शेवटच्या वळणावर निळे कवच बसले की वाईट वाटतेच. पण थोडा विचार करा. बुद्धिबळात सगळे डोक्यावर अवलंबून असते, म्हणून नवशिक्या दहाही डाव हरतो आणि खेळणे सोडून देतो. सापशिडीत सगळे फाशावर असते, म्हणून हुशार खेळाडू कंटाळतो. पत्त्यांत मात्र पाने कशी येतील हे नशीब आणि ती कशी खेळायची हे डोके. निन्तेंदो कंपनी १८८९ साली सुरू झाली, ती हानाफुदा पत्ते बनवण्यासाठीच. मारिओ कार्टमध्येही पत्त्यांसारखेच नशीब आणि डोके दोन्ही लागते.

शिवाय चांगल्या खेळाडूचे कसब वाया जात नाही. केळ्याची साल गाडीमागे धरून ठेवली, तर मागून येणारे लाल कवच तिच्यावर आपटते. वळणावर गाडी नीट घसरवत नेली, तर बाहेर पडताना जास्त वेग मिळतो. आणि एक कप म्हणजे चार शर्यती. 'मारिओ कार्ट ८ डिलक्स'मध्ये पहिल्याला १५ गुण, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १० आणि शेवटच्या बाराव्यालाही १ गुण मिळतो. एखादी शर्यत धाकटी बहीण जिंकेल, पण चारही शर्यतींची बेरीज केली की बहुधा सराव असलेलाच वर राहतो. दोघांनाही आपापला आनंद मिळतो.

पालकांसाठी दोन शब्द. भारतातून आजी-आजोबा येतात, त्यांना जपानी येत नाही आणि नातवंडांचे मराठी अडखळते. अशा वेळी समोरासमोर बसून गप्पा सुचत नाहीत, पण शेजारी बसून खेळताना बोलणे आपोआप निघते. एक कप साधारण दहा-पंधरा मिनिटांत संपतो, त्यामुळे "एकच कप हं!" ही अट पाळणेही सोपे जाते.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. घरातल्या सगळ्यांनी मिळून एक कप खेळा. प्रत्येक शर्यतीतले प्रत्येकाचे क्रमांक कागदावर लिहा आणि शेवटी गुणांची बेरीज करा. एकच नियम, समालोचन मराठीतच करायचे. गाठले, ओलांडले, मागे टाकले, घसरला, हुकले, थोडक्यात वाचला, हे सगळे शब्द वापरायचे. आणि हो, त्या दिवशी घरात कोणालाही लिंबूटिंबू करायचे नाही. कागद पुढच्या शनिवारी वर्गात आणा. कोणाच्या घरी कोण जिंकले, ते आपण सगळे मिळून पाहू.