खाद्य-गृहउद्योगांचा विस्तार आणि शेजारधर्म : स्वयंपाकाच्या वासाच्या प्रश्नाचे विवेचन

सारांश

निवासी वस्तीतील खाद्य-गृहउद्योग हे शहरी व निमशहरी महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, उपजीविकेचे साधन आहे. अशा उद्योगाचा विस्तार होऊ लागला, की तळण, फोडणी, मसाल्याची भाजणी व कांडप यांतून निर्माण होणाऱ्या वासाबद्दल शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू होतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या शास्त्रीय, कायदेशीर, तांत्रिक आणि सामाजिक बाजूंचा परामर्श घेतला आहे. व्यवसाय आणि त्या व्यवसायातील त्रासदायक प्रक्रिया यांचा वेगवेगळा विचार केल्यास, आणि तो विस्तारापूर्वीच केल्यास, बहुतेक तंट्यांत उपजीविका व शेजाऱ्यांचे आरोग्य या दोहोंचे रक्षण होऊ शकते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : खाद्य-गृहउद्योग, वास-प्रदूषण, उपद्रव, शेजारधर्म, नागरी नियमन

१. प्रस्तावना

शेजारच्या घरातून येणारा खमंग वास ही मराठी घरांत परंपरेने कौतुकाची बाब मानली गेली आहे. दिवाळीपूर्वी तळणीचा आणि उन्हाळ्यात मसाल्याच्या भाजणीचा दरवळ आळीभर पसरत असे. परंतु तो वर्षातून चार दिवसांचा असे आणि त्यापाठोपाठ फराळाचे ताटही शेजारी जात असे. हीच कढई पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत, वर्षाचे बाराही महिने तापू लागली, म्हणजे कौतुकाची जागा तक्रार घेते. वरच्या मजल्यावरील दम्याच्या रुग्णाला खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, वाळत घातलेल्या कपड्यांना तेलकट वास लागतो. दुसऱ्या बाजूस त्या कढईवर एखाद्या कुटुंबाचे घरभाडे, मुलांचे शिक्षण आणि दोन-चार मदतनीस स्त्रियांचे वेतन अवलंबून असते. दोन्ही बाजू खऱ्या असल्यामुळेच हा प्रश्न अवघड आहे.

२. खानावळीपासून घरपोच डब्यापर्यंत

घरगुती स्वयंपाकातून व्यवसाय उभा राहणे महाराष्ट्रास नवीन नाही. मुंबईच्या गिरणगावात एकट्याने राहणाऱ्या गिरणी कामगारांना जेवण पुरविणाऱ्या खानावळी चाळीतील लहान खोल्यांतूनच चालत. त्या चालविणाऱ्या स्त्रियांना सावकाराच्या कर्जातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. तत्पूर्वी १९५९ मध्ये गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेल्या पापड व्यवसायातून श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली.

गिरणगावातील खानावळीचा ग्राहक त्याच चाळीत वा लगतच्या गल्लीत राहत असे. ज्यांना वास येई, त्यांतील अनेकांच्या ताटात ते अन्नही पडे. २०१० नंतरच्या दशकात अन्न घरपोच पोहोचविणाऱ्या ऑनलाइन सेवा वाढल्या आणि २०२० च्या टाळेबंदीनंतर घरगुती स्वयंपाकाच्या व्यवसायाकडे अनेक कुटुंबे वळली. या व्यवस्थेत ग्राहक पाच-दहा किलोमीटर अंतरावर असतो. परिणामी चव दूरच्या ग्राहकाला आणि वास शेजाऱ्याला, अशी वाटणी झाली. लाभ व त्रास यांच्यातील हे अंतर लक्षात घेतल्याखेरीज आजच्या तक्रारींची तीव्रता समजून येत नाही. शेजारी बदलला म्हणून नव्हे, तर शेजाऱ्याचा त्या अन्नाशी असलेला संबंध तुटला म्हणून सहनशीलता कमी झाली आहे.

३. वासाचे स्वरूप

सर्वसामान्य बोलण्यात ज्यास ‘वास’ म्हटले जाते, त्यात किमान तीन भिन्न गोष्टी एकत्र आलेल्या असतात. पहिली म्हणजे वायुरूप गंधद्रव्ये. कांदा-लसणातील गंधकयुक्त संयुगे, मासळीतील ट्रायमिथिलअमाइन, भाजणीतून निर्माण होणारी पायराझिन वर्गातील संयुगे ही अत्यल्प प्रमाणातही नाकास जाणवतात. दुसरी म्हणजे तेलाचे सूक्ष्म कण व धूर. तेल अतितप्त झाल्यास त्यातून ॲक्रोलिनसारखी डोळे व घसा चुरचुरविणारी द्रव्येही बाहेर पडतात. तिसरी म्हणजे प्रत्यक्ष दाह. मिरची कांडपाच्या वेळी बसणारा ठसका हा काटेकोर अर्थाने वास नव्हे. मिरचीतील कॅप्सायसिन हे द्रव्य नाक-घशातील वेदनावाहक मज्जातंतूंना उद्दीपित करते, म्हणून ठसका लागतो. पहिली गोष्ट मुख्यतः उपद्रवाची आहे, तर दुसरी आणि तिसरी थेट आरोग्याशी निगडित आहेत. तक्रारीचा विचार करताना हा भेद करणे आवश्यक ठरते.

वासाच्या त्रासाचे मापन करताना तज्ज्ञ पाच घटक विचारात घेतात : तो किती वेळा येतो, किती तीव्र असतो, किती काळ टिकतो, कितपत अप्रिय असतो आणि कोणत्या ठिकाणी येतो. दिवाळीच्या फराळाचा वास तीव्र असला तरी त्याची वारंवारता अल्प असते. व्यावसायिक फोडणीचा वास तुलनेने सौम्य असूनही दिवसातून वीस वेळा येतो. व्यवसायाचा विस्तार होतो तेव्हा पदार्थ बहुधा तोच राहतो. वाढतात ती वारंवारता व कालावधी. ‘आम्ही पूर्वीपासून हेच करतो, तेव्हा कोणाची तक्रार नव्हती’ हे उद्योजकाचे म्हणणे म्हणूनच खरे असूनही अपुरे ठरते.

येथे आणखी एक शारीरिक वास्तव ध्यानात घ्यावयास हवे. एखाद्या वासात सतत राहिल्यास नाकाची त्या वासाविषयीची संवेदना थोड्याच वेळात मंदावते. त्यामुळे दिवसभर कढईपाशी उभ्या असलेल्या स्त्रीला ‘एवढा वास येतच नाही’ असे प्रामाणिकपणे वाटते. शेजाऱ्याला मात्र तो वास मधूनमधून येत असल्यामुळे प्रत्येक वेळी नव्याने जाणवतो. उभय पक्ष परस्परांस खोटे ठरवितात, तेव्हा प्रत्यक्षात दोघेही स्वतःच्या नाकाशी प्रामाणिक असतात.

४. कायद्याची चौकट

भारतात वासासंबंधी स्वतंत्र कायदा नाही. हवेच्या गुणवत्तेची २००९ ची राष्ट्रीय मानके बारा प्रदूषकांसाठी निश्चित करण्यात आली. त्यांत वासाची स्वतंत्र मर्यादा नाही. सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २६८ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० मध्ये आहे. हवा आरोग्यास अपायकारक करणे हा कलम २८० अन्वये अपराध असला, तरी त्यास कमाल शिक्षा एक हजार रुपये दंडाची आहे. अधिक परिणामकारक तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये, आढळते. समाजाच्या आरोग्यास वा शारीरिक स्वास्थ्यास बाधक ठरणारा व्यवसाय बंद करण्याचा, हलविण्याचा किंवा त्याचे नियमन करण्याचा सशर्त आदेश कार्यकारी दंडाधिकारी या कलमान्वये देऊ शकतात. मात्र त्रास एका शेजाऱ्यापुरता मर्यादित असल्यास त्यास दिवाणी न्यायालयाचा मार्ग धरावा लागतो.

स्थानिक पातळीवर मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ चे कलम ३९४ आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चे कलम ३७६ यांनुसार विशिष्ट व्यवसायांना परवाना घ्यावा लागतो. विकास नियंत्रण नियमावल्या पीठगिरणी, मसाला कांडप यांसारख्या उद्योगांना निवासी क्षेत्रात काही मर्यादांच्या अधीन राहून मुभा देतात. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये लहान व्यावसायिकासही नोंदणी आवश्यक असते. या साऱ्या परवान्यांचा एकत्र विचार केला असता असे दिसते, की यंत्राची शक्ती, जागेचे क्षेत्रफळ, अन्नाची शुद्धता आणि आगीपासूनची सुरक्षितता यांची विचारणा होते. खिडकीबाहेर जाणाऱ्या वासाचे काय, हा प्रश्न मात्र बहुधा तक्रार झाल्यावरच उपस्थित होतो. सर्व कागदपत्रे नियमित असलेला उद्योजक तक्रारीने गोंधळून जातो, याचे कारण हेच आहे.

५. भट्टी आणि व्यवसाय : एक महत्त्वाचा न्यायनिर्णय

गोविंद सिंग विरुद्ध शांती सरूप या १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयासमोर एका पाव-भट्टीचा प्रश्न होता. भट्टीच्या धुराड्यातून निघणारा धूर परिसरातील लोकांच्या आरोग्यास अपायकारक असल्याचे दंडाधिकाऱ्यांनी जागेची प्रत्यक्ष पाहणी करून ठरविले होते आणि भट्टी व धुराडे पाडण्याबरोबरच त्या जागेवर बेकरीचा व्यवसायच न करण्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने भट्टी व धुराडे काढण्याचा आदेश कायम ठेवला. व्यवसायावरील सरसकट बंदी मात्र आवश्यकतेपेक्षा अधिक व्यापक ठरवून आदेशात तेवढा बदल केला.

या निर्णयातील भेद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत मोलाचा आहे. उपद्रव धुरापासून होतो, व्यवसायापासून नव्हे. ब्रिटिश न्यायपरंपरेतही असे उदाहरण आढळते. ॲडम्स विरुद्ध अर्सेल (१९१३) या खटल्यात तळलेल्या मासळीच्या दुकानाच्या वासाविरुद्ध मनाई हुकूम देताना, दुकान गरिबांना स्वस्त अन्न पुरविते हा बचाव न्यायालयाने मान्य केला नाही. तथापि हुकूम त्या जागेपुरता ठेवला. उपजीविका मौल्यवान आहे, म्हणून तिचा भार एकट्या शेजाऱ्याने सोसावा असे नाही, आणि शेजाऱ्यास त्रास होतो, म्हणून उपजीविकाच संपवावी असेही नाही, हे सूत्र या दोन निर्णयांतून हाती येते. मुंबईच्या हवेसंबंधीच्या जनहित याचिकेत जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरील बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. तेथेही रोख बेकरीवर नव्हे, तर इंधनावर होता.

६. तांत्रिक उपाय व त्यांच्या मर्यादा

अनेक ठिकाणी स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट पंखा इमारतीच्या डक्टमध्ये सोडलेला असतो. त्यामुळे वास बाहेर न जाता डक्टमधून वरच्या प्रत्येक मजल्याच्या न्हाणीघरात शिरतो. धुराडे छताच्या वर पुरेशा उंचीवर नेणे आणि हवा आडवी न सोडता सरळ वर सोडणे हा पहिला उपाय होय. धुराड्यावर बसविलेली टोपी पाऊस अडविते, पण वासही खाली ढकलते, याकडे बहुधा दुर्लक्ष होते.

दुसरी बाब क्रमाची आहे. कढईवरील हुडमधील जाळी तेलाचे मोठे थेंब अडविते. स्थिरविद्युत यंत्रणा सूक्ष्म तेलकण व धूर पकडते, मात्र वायुरूप गंध पकडू शकत नाही. तो शोषून घेण्याचे काम क्रियाशील कोळसा करतो. परंतु आधी तेल काढले नसेल तर कोळशाची छिद्रे अल्पावधीत बुजतात आणि खर्च वाया जातो. म्हणून आधी जाळी, मग तेलकण-निवारण, शेवटी कोळसा हाच क्रम पाळावा लागतो. जाळीची नियमित स्वच्छता न केल्यास कोणतेही यंत्र निष्प्रभ होते, शिवाय आगीचा धोका वाढतो.

लहान उद्योजकास ही यंत्रणा परवडेलच असे नाही. अशा वेळी प्रक्रियेची विभागणी हा बिनखर्ची मार्ग उपयुक्त ठरतो. लिज्जतच्या व्यवस्थेत पीठ केंद्रावर मळले जाते आणि लाटण्याचे काम स्त्रिया घरी करतात. याच धर्तीवर मोठे तळण, मसाल्याची भाजणी व कांडप ही मोजकी उग्र कामे औद्योगिक गाळ्यात किंवा बचत गटाच्या सामाईक केंद्रात आणि निवडणे, चिरणे, मळणे, भरणे ही कामे घरी, अशी वाटणी करता येते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांचे कर्जसंलग्न अनुदान ठेवण्यात आले. अशा साहाय्यासाठी आराखडा तयार करतानाच वायुवीजनाचा विचार झाल्यास पुढील तंटे टळतील.

७. वास आणि पूर्वग्रह

या प्रश्नाची सामाजिक बाजू दुर्लक्षून चालणार नाही. महाराष्ट्रात आहार हा जात, धर्म व प्रदेश यांच्याशी निगडित आहे. सुक्या बोंबलाच्या वासाविरुद्धची तक्रार ही कधी खरोखर वासाविरुद्ध असते, तर कधी तो पदार्थ खाणाऱ्यांविरुद्ध असते. साजूक तुपातील जिलेबीचा वास तितकाच तीव्र व तितकाच वेळ आला असता तक्रार झाली असती काय, असा प्रश्न गृहनिर्माण संस्थेच्या समितीने स्वतःस विचारून पाहावा. उत्तर नकारार्थी असल्यास प्रश्न हवेचा नसून पूर्वग्रहाचा आहे, अशी शंका घेण्यास जागा राहते. अप्रियता हा पाच घटकांपैकी सर्वांत व्यक्तिनिष्ठ घटक आहे. म्हणून निर्णय शक्यतो वारंवारता, कालावधी व आरोग्यावरील परिणाम यांवर आधारणे न्याय्य ठरते. याउलट प्रत्येक तक्रारीवर ‘पूर्वग्रह’ असा शिक्का मारून दम्याच्या रुग्णाचा त्रास नाकारणे हेही तितकेच अन्यायकारक होय.

८. विस्तारपूर्व समझोत्याची रूपरेषा

तंटा उद्भवल्यानंतर भूमिका ताठर होतात, म्हणून समझोता विस्तारापूर्वी होणे श्रेयस्कर ठरते. त्यात पुढील बाबींचा अंतर्भाव असावा.

(अ) तळण, भाजणी, कांडप यांच्या वेळा निश्चित करून त्या शेजाऱ्यांना कळविणे.
(आ) पंधरा दिवस उभय पक्षांनी वासाची वेळ, कालावधी व वाऱ्याची दिशा यांची नोंद ठेवणे. आठवणीपेक्षा नोंद अधिक विश्वसनीय असते.
(इ) उद्योजकाने आपल्या नाकावर विसंबून न राहता घराबाहेरील त्रयस्थ व्यक्तीकडून पडताळणी करून घेणे.
(ई) जाळीची स्वच्छता व धुराड्याची देखभाल यांची जबाबदारी लेखी ठरविणे.
(उ) रोजचे उत्पादन किती वाढल्यास उग्र प्रक्रिया अन्यत्र हलवावयाची, ती मर्यादा आधीच मान्य करणे.

यांतील शेवटची बाब सर्वाधिक महत्त्वाची आहे. विस्तार एका दिवसात होत नाही, तो एकेका डब्याने होतो. त्यामुळे मर्यादा केव्हा ओलांडली गेली, हे उद्योजकास उमगत नाही आणि शेजाऱ्यास सिद्ध करता येत नाही.

९. समारोप

खाद्य-गृहउद्योग आणि शेजारी यांच्यातील वाद हा मूलतः दोन वैध हक्कांमधील वाद आहे : व्यवसाय करण्याचा हक्क आणि स्वच्छ हवेत राहण्याचा हक्क. पाव-भट्टीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अवलंबिलेली रीत, म्हणजे उपद्रवाचे नेमके मूळ शोधून तेवढेच दूर करण्याची रीत, गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीतही अवलंबिता येण्याजोगी आहे. नगरपालिका व महानगरपालिकांनी परवान्याच्या अर्जातच धुराड्याची उंची, हवेच्या निकासाची दिशा आणि उग्र प्रक्रियांच्या वेळा यांची विचारणा केल्यास हा प्रश्न तक्रारीच्या पायरीवरून नियोजनाच्या पायरीवर येईल. फराळाचे ताट शेजारी जात असे, तेव्हा वासाची परतफेड आपोआप होत होती. आता ग्राहक दूर गेला असल्यामुळे ती परतफेड ठरलेल्या वेळा, उंच धुराडे आणि पाळलेला शब्द यांतूनच करावी लागेल.