सांडपाण्यातील विषावर हिराकसाचा उतारा

रंग, औषधे आणि कीटकनाशके तयार करणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यात फिनॉलसारखी विषारी सेंद्रिय द्रव्ये आढळतात. घरगुती सांडपाणी शुद्ध करण्याचे काम जिवाणूंवर सोपवता येते. फिनॉलचे प्रमाण जास्त असले, तर मात्र हे जिवाणूच मरतात. अशा वेळी रसायनशास्त्राची मदत घ्यावी लागते.

यासाठी वापरली जाणारी एक परिणामकारक पद्धत म्हणजे 'फेंटन प्रक्रिया'. लोहक्षाराच्या सान्निध्यात हायड्रोजन पेरॉक्साइडची ऑक्सिडीकरणाची शक्ती कशी वाढते, हे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये दाखवून दिले होते.

या पद्धतीत आम्ल मिसळून सांडपाण्याचा सामू ३ च्या आसपास आणला जातो. त्यात हिराकस, म्हणजेच फेरस सल्फेट, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातले जाते. त्यातून हायड्रॉक्सिल मूलके निर्माण होतात. क्लोरिन आणि ओझोनपेक्षाही तीव्र असलेली ही मूलके फिनॉलच्या रेणूतील सहा कार्बन अणूंचे कडे फोडतात. प्रक्रिया पूर्णत्वास गेली, तर अखेरीस कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरते. नंतर चुना घालून सामू वाढवला की लोह गाळाच्या रूपाने तळाशी बसते.

खरा धोका आहे तो ही प्रक्रिया अर्धवट सोडण्यात. पेरॉक्साइड खर्चिक असल्याने ते कमी वापरण्याचा मोह होतो. मात्र, फिनॉलपासून प्रथम हायड्रोक्विनोन आणि बेंझोक्विनोन तयार होतात. ही द्रव्ये मूळ फिनॉलपेक्षाही अधिक विषारी असतात. तेथेच प्रक्रिया थांबली, तर फिनॉल घटल्याचे दिसते. पण पाण्याचा विषारीपणा वाढलेला असतो.

म्हणूनच एकाच चाचणीवर विसंबून चालत नाही. नदी-नाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यासाठी भारतातील सर्वसाधारण मानकांनुसार फिनॉलवर्गीय संयुगांची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम, तर रासायनिक प्राणवायू मागणीची (सीओडी) मर्यादा २५० मिलिग्रॅम आहे. पहिला आकडा कमी होऊनही दुसरा चढाच राहिला, तर काम अपुरे राहिले असे समजावे.

प्रत्येक रेणूचा शेवटपर्यंत रसायनांनी पाठपुरावा करणे परवडणारे नसते. त्यामुळे कडे फुटून साधी सेंद्रिय आम्ले तयार होईपर्यंत रसायने वापरून पुढील काम जिवाणूंकडे देणे, हा व्यवहार्य मार्ग ठरतो. मागे उरणाऱ्या लोहयुक्त गाळाची शास्त्रशुद्ध विल्हेवाट लावणेही तितकेच आवश्यक आहे. अन्यथा पाण्यातून काढलेले विष जमिनीत मुरण्याचा धोका राहतो.