पर्वत पाटियाहून पहिला डोंगर

पर्वत पाटियाला पर्वत नाही. पर्वत हे जुन्या गावाचं नाव, आणि हमरस्त्यावर गावाची पाटी जिथे लागते ते ठिकाण म्हणजे गुजरातीतलं पाटिया. आपल्याकडे फाटा म्हणतात तसं. गाव सुरतेत केव्हाच विरघळलं. आता साड्यांचे गठ्ठे वाहणारे टेम्पो आणि त्यातून वाट काढणाऱ्या रिक्षा. डोंगर बघायचा तर बारडोलीच्या रस्त्याला लागून थेट सोनगड गाठावं लागतं.

हा रस्ता इथल्या मराठी माणसाला तोंडपाठ आहे. लिंबायत, उधना, डिंडोली, पर्वत पाटिया या पट्ट्यात लूम आणि डाइंगच्या कामाला आलेली खानदेशी कुटुंबं पिढ्यानपिढ्या राहताहेत. लग्नसराईत, आखाजीला गाड्या भरतात. ‘कथा चालनात?’ विचारलं की एकच उत्तर : ‘गावले!’ व्यारा, सोनगड, नवापूर ही नावं आपल्याला माहीत असतात ती चहा कुठे बरा मिळतो एवढ्यापुरती. सोनगडचा किल्ला खिडकीतून दिसतो आणि मागे पडतो. मीही तो वीसेक वर्षं तसाच मागे टाकला.

एका डिसेंबरात गाडी थांबवली. चढण फार नाही, पण ऊन वाढायच्या आत निघावं. वर पोचलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. समोर उकाईचं पाणी. तापी इथे अडवली ती १९७२मध्ये. त्याआधी वरून जे दिसत असेल ते आता तळाशी आहे. हे ठाणं पिलाजीराव गायकवाडांचं. खेड तालुक्यातल्या दावडीचं हे घराणं. गुजरातेत त्यांनी पाय रोवला तो या डोंगरावर. बडोदा पुढचं. १७३२मध्ये डाकोरला पिलाजीरावांचा दगाबाजीने खून झाला, पण मुलगा दमाजी याने राज्य वाढवलं. बडोद्याचा राजवाडा बघायला जाणारे आपण, हे मूळ घर मात्र रस्त्यात असून बघत नाही.

या वाटेला आणखी जुना इतिहास आहे. जानेवारी १६६४मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा सुभेदार इनायत खान किल्ल्यात दडून बसला. तापीकाठचा तो किल्ला १५४६चा, आता डागडुजी करून लोकांसाठी खुला केलेला. रविवारी सकाळी दोन तासांत बघून होतो. ऑक्टोबर १६७०ची दुसरी स्वारी मात्र सुरतेत संपत नाही. परतीची वाट बागलाणातून, मुल्हेरकडून. मोगल फौज आडवी आली आणि १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीची लढाई झाली. पुढच्या जानेवारीत साल्हेरचा किल्ला स्वराज्यात आला. सुरतेची लूट पुस्तकात वाचणं वेगळं आणि लादलेली जनावरं त्या वाटेवरच्या घाटांतून कशी नेली असतील याचा तिथे उभं राहून अंदाज करणं वेगळं.

जंगलासाठी व्याऱ्याहून दक्षिणेला वळायचं. उनाईचे गरम पाण्याचे झरे लागतात, मग वांसदा. वांसदा राष्ट्रीय उद्यान १९७९ पासूनचं, जेमतेम २४ चौरस किलोमीटर. सुरत शहराचा दहावा हिस्सासुद्धा नव्हे. पूर्वी ते वांसदा संस्थानचं जंगल होतं. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांत लोक गल्लत करतात. अभयारण्यात गुरं चारण्यासारखे काही हक्क परवानगीने टिकू शकतात. राष्ट्रीय उद्यानात चराईला पूर्ण बंदी. म्हणून इथे साग, ऐन आणि कटस बांबू दाट राहिले. बिबट्या आहे, पण त्याच्या आशेने जाऊ नये. मला भेटला तो कोळी. पाऊस नुकताच सरला होता. पायवाटेवर छातीच्या उंचीला पिवळसर जाळं, मधोमध तळहाताएवढी मादी, आणि तिच्या वरच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा नर. तो जिवंत आहे हे कळायलाच पाच मिनिटं गेली.

सागाचंच दुसरं टोक म्हणजे बिलिमोरा-वघईची अडीच फुटी गाडी. डांगचं लाकूड खाली आणायला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या राज्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात घातलेली ही ६३ किलोमीटरची लाइन. घाई असेल तर तिच्यात बसूच नये.

वघईला गाडी संपते आणि डांग सुरू होतो. हा जिल्हा महाराष्ट्राचा की गुजरातचा यावर १९६०च्या आधी बराच वाद झाला. अखेर गुजरातेत गेला. बाजारात एक मावशी नागलीचे पापड घेऊन बसली होती. बायकोने अहिराणीत भाव विचारला, मावशीने डांगीत सांगितला. घासाघीस दहा मिनिटं चालली, गुजरातीचा एक शब्द न लागता. पाच रुपये कमी झाले.