मोटार निर्दोष, पाणी अपुरे

वैशाखात रावेर-यावलच्या केळीबागांना किंवा शिंदखेड्याच्या शिवाराला पाणी अपुरे पडू लागले, म्हणजे पहिला आरोप बिनचौकशी ठेवला जातो तो मोटारीवर. आणि मग ती उतरवून, रिवाइंडिंगच्या दुकानी नेऊन, नवी तार भरून परत बसवली तरी धार जशीच्या तशी बारीकच राहते, तेव्हा तीच तक्रार वीज खात्याच्या नावे फिरवली जाते. पंपाची साक्ष मात्र कोणी काढीत नाही.

जेट बोटीच्या वाट्यालाही हाच न्याय येतो. न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी तेथील उथळ नद्यांसाठी १९५० च्या दशकात सिद्ध केलेल्या या बोटीला बाहेर पंखा नसतो. तिच्या पोटातील पंप तळातून पाणी ओढून मागे फेकतो आणि त्या प्रतिक्रियेने ती पुढे जाते. १९७७ साली एडमंड हिलरी गंगेच्या मुखाकडून हिमालयाच्या दिशेने निघाले ते अशाच बोटींतून. अशी बोट जुनी होऊन मंदावली की मालक इंजिन खोलून बसतो. जाणकार मनुष्य मात्र आधी एवढेच पाहतो, की इंजिनाचे फेरे पूर्वीइतके भरतात की नाही. फेरे पुरे, किंबहुना अधिक, असून वेग नसेल तर संशय पंपावर. फेरेच भरत नसतील तर इंजिनावर. विहिरीवरचा पंप हा या बोटीच्या पंपाचा सख्खा भाऊबंद असल्यामुळे तपासाची हीच पद्धत आपल्यालाही लागू पडते.

मोटार जुनी झाली की हळू फिरते, हा समज निराधार आहे. पंपांवर सामान्यतः असते ती टू-पोल इंडक्शन मोटार ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या किंचित खाली, २,८८० च्या आसपास फिरते, आणि तिचे वय तिचा हा वेग फारसा बदलू शकत नाही. व्होल्टेज उतरले तरी वेग थोडाच घटतो. मात्र प्रवाह वाढून वाइंडिंग तापते, म्हणजे कमी दाबाची वीज पाण्याआधी मोटारीचाच घात करते. पाचाऐवजी साडेसात हॉर्सपॉवरची मोटार लावल्याने पाणी वाढेल, ही आशाही तितकीच व्यर्थ; कारण पाणी ठरते ते इंपेलरचा (पंपातल्या फिरत्या चाकाचा) व्यास, त्याचे फेरे आणि पाणी चढवायची उंची यांवर, आणि या तिन्हींत काही फेरफार झालेला नसतो.

रिवाइंडिंगनंतर किंवा डीपीच्या दुरुस्तीनंतर धार अर्धी झाली, तर मात्र आधी फिरण्याची दिशा पाहावी. तीन फेजपैकी दोन उलटसुलट जोडल्या गेल्या की मोटार उलटी फिरते. आणि उलटा फिरणारा पंप पाणी मुळीच देणार नाही, अशी खात्री असलेला शेतकरी, पाणी येते आहे म्हणजे दिशा बरोबरच असली पाहिजे, असे धरून चालतो. वास्तविक उलट फिरणारा सेंट्रिफ्यूगल पंपही पाणी त्याच तोंडातून फेकतो, फक्त पुष्कळ कमी. पंपाच्या अंगावर दिशेचा बाण असतो. तो पडताळून, वीज तोडून, कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल केली की काम भागते. इतका स्वस्त दोष क्वचितच हाती लागतो.

खरा चोर बहुधा वेअर रिंग असते. इंपेलरचे तोंड आणि पंपाचे कवच यांच्यामध्ये ही कडी बसवलेली असते आणि नव्या पंपात तिथली फट मिलिमीटरच्याही अंशाएवढीच असते. तापीकाठच्या गाळवट पाण्यातील बारीक रेती त्या फटीतून वर्षानुवर्षे सरकत राहिली की कडीच्या आतल्या अंगावर नख अडकेल अशा रेघोट्या पडतात, फट रुंदावते, आणि इंपेलरने दाब दिलेले पाणी त्या वाटेने पुन्हा त्याच्याच तोंडात परतते. नदीतल्या वाळूखडीने जेट बोटीचीही रिंग अशीच खाल्ली जाते. वीज पूर्ण खर्ची पडते, जमेला पाणी दिसत नाही.

पंप ताकदवान असेल तर वाटेल त्या खोलीवरून ओढील, हाही एक जुना भ्रम. पाण्याला वर ढकलतो तो हवेचा दाब, आणि तो समुद्रसपाटीलाही १०.३ मीटरपेक्षा अधिक उंच चढवू शकत नाही; व्यवहारात सहा-सात मीटर मिळाले तरी पुष्कळ. उन्हाळ्यात पातळी त्याखाली गेली की पंपात खडे वाजल्यासारखा आवाज येऊ लागतो, कारण बाष्पाचे बुडबुडे फुटून इंपेलरवर खळगे पाडत असतात. इथे पंप खाली उतरवणे हाच उपाय. पाण्यातच बसणाऱ्या सबमर्सिबलला ओढावे लागत नसल्याने तिला ही अडचण येत नाही.

शाफ्टभोवतीच्या ग्लँडमधून पडणारे थेंब पाहून ती करकचून आवळणारेही पुष्कळ आहेत. तेवढी गळती ग्लँडमधली दोरी आणि शाफ्ट थंड ठेवण्यासाठी हवीच असते.

डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह आवळला की मोटारीवर भार पडतो, असे सांगितले जाते. विहिरीवरच्या नेहमीच्या सेंट्रिफ्यूगल पंपात घडते नेमके उलटे, पाणी घटले की अँपिअरही घटतात. म्हणून पाणी कमी आणि अँपिअरही कमी असतील तर फूट व्हॉल्व्हची जाळी तुंबली आहे किंवा सक्शन पाइप हवा ओढतो आहे असे समजावे. पाणी कमी पण अँपिअर जास्त असतील तर ग्लँड आवळलेली, बेअरिंग गेलेले किंवा व्होल्टेज उतरलेले. आणि अँपिअर पूर्वीइतकेच असून पाणी कमी असेल तर रिंग झिजलेली किंवा जमिनीखाली पाइप फुटलेला. मात्र यासाठी पूर्वीचे अँपिअर ठाऊक हवेत, आणि पंप नवा बसवला त्या दिवशीचा आकडा स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर आतून रंगाने लिहून ठेवण्याची तसदी फार थोडे लोक घेतात.