गाठीच्या पोटात काय दडलंय?

पांढुर्णा आणि सौंसर इथला कारभार चालतो भोपाळहून. पण आजार मोठा निघाला की घरोघरी एकच सल्ला मिळतो, ‘नागपूरला दाखवा.’ 2023 साली छिंदवाड्यातून पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, तरी कर्करोगाच्या पेशंटची वाट तीच राहिली. नागपूरचं मेडिकल, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट ही सारी ठिकाणं शंभरेक किलोमीटरच्या टप्प्यात आहेत.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात गाठ कापून झाली की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘आता पुढे काय?’ उत्तराचा पाया म्हणजे स्टेज. गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली, जवळच्या लसिकाग्रंथींत पोचली का, यावर ती ठरते. त्यासाठी निदान 12 ग्रंथी तपासलेल्या असाव्यात असा दंडक आहे. पण एकाच स्टेजचे दोन पेशंट, एकच ऑपरेशन, आणि तरीही एक ठणठणीत राहतो, तर दुसऱ्याचा आजार दोन वर्षांत यकृतात उलटतो. स्टेज जे सांगत नाही, त्यातलं बरंचसं प्रथिनं सांगतात.

यातलं सर्वांत जुनं प्रथिन म्हणजे सीईए. 1965 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी ते शोधलं. गर्भाच्या आतड्यात ते भरपूर असतं, जन्मानंतर नाममात्र उरतं आणि कर्करोगात पुन्हा वाढू शकतं. रक्तात मिलिलिटरला 5 नॅनोग्रॅमपर्यंतचा आकडा सर्वसाधारण धरतात. ऑपरेशनआधी तो जास्त असेल तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांत तो खाली यायला हवा. आला नाही, तर कुठेतरी आजार शिल्लक असल्याची शंका घ्यावी लागते.

पण ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये सीईए घालणं म्हणजे पैसे वाया आणि झोपही वाया. बिडी ओढणाऱ्याचा आकडा कर्करोगाशिवायही वाढलेला असतो. यकृताच्या किंवा आतड्याच्या सुजेतही तो चढतो. उलट, कर्करोग असूनही तो सरळ राहू शकतो. त्याचं खरं काम पाळत ठेवण्याचं: पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. ब्रिटनमध्ये 1202 पेशंटवर झालेल्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा पाळतीमुळे उलटलेला आजार पुन्हा ऑपरेशन करता येईल अशा अवस्थेत जास्त जणांत सापडला. एकूण मृत्यू कमी झाल्याचं मात्र त्यात सिद्ध झालं नाही, हेही सांगायला हवं. आणि तपासणी दर वेळी शक्यतो एकाच लॅबमध्ये करावी. पद्धत बदलली की आकडाही हलतो, आणि घरच्यांचा जीव उगाच टांगणीला लागतो.

दुसरी तपासणी रक्ताची नाही, गाठीचीच. कापलेल्या गाठीचे छोटे तुकडे मेणात बसवून ‘ब्लॉक’ करतात. त्यावरून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर घेतात आणि त्यावर विशिष्ट प्रथिनाला चिकटणारं रसायन सोडतात. प्रथिन असेल तर पेशींची केंद्रकं तपकिरी दिसतात. नसेल तर निळसर. शेजारच्या निरोगी पेशी तपकिरी आणि गाठीच्या पेशी कोऱ्या दिसल्या, की तज्ज्ञ ‘लॉस’ असं लिहितो.

यात बघायची प्रथिनं चार: एमएलएच1, एमएसएच2, एमएसएच6 आणि पीएमएस2. पेशी दुभंगताना डीएनएच्या नकलेत होणाऱ्या चुका दुरुस्त करणं हे त्यांचं काम. आतड्याच्या सुमारे 15 टक्के कर्करोगांत ही दुरुस्ती बंद पडलेली असते. ऐकायला वाईट, पण दुसऱ्या स्टेजला ही बातमी चांगली असते: असा आजार उलटण्याची शक्यता कमी, आणि नुसत्या 5-एफयूच्या केमोचा फायदाही दिसत नाही. म्हणजे एका साध्या तपासणीने कित्येकांची केमो टळू शकते. आजार पसरलेला असेल तर या चारांतलं प्रथिन नसणं इम्युनोथेरपीचं दार उघडतं. 2020 साली जाहीर झालेल्या 307 पेशंटच्या चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाने आजार रोखलेल्या काळाचा मध्यक 16.5 महिने होता, केमोचा 8.2. अडचण खर्चाची. ही औषधं लाखांच्या घरात जातात.

याच चार प्रथिनांतून घराण्याचीही गोष्ट कळते. 1895 साली अमेरिकेत मिशिगनमध्ये एका शिवणकाम करणाऱ्या बाईने डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितलं, की घरातले सगळे कर्करोगाने गेले, मीही तशीच जाणार. झालंही तसंच. वॉर्थिन यांनी त्या कुळाची वंशावळ मांडली. पुढे या आनुवंशिक आजाराला लिंच सिंड्रोम हे नाव पडलं. एमएलएच1 नसणं दर वेळी आनुवंशिक नसतं, वयस्कांत तर बहुधा नसतंच. ते ठरवायला पुढची तपासणी लागते. पण दोष घराण्यातलाच निघाला, तर ज्या भावंडांत आणि मुलांत तो आहे त्यांची कोलोनोस्कोपी विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी करावी लागते.

संशोधन इथे थांबलेलं नाही. सीडीएक्स2 हे प्रथिन नसलेल्या गाठी जास्त आक्रमक असतात, असं 2016 साली दिसलं. 2019 साली ‘सेल’ या नियतकालिकात 110 पेशंटच्या गाठींतली जनुकं आणि प्रथिनं एकत्र मांडणारा अभ्यास आला. त्याच्या लेखकयादीत पहिलं नाव सुहास वसईकर यांचं आहे. हे सगळं रोजच्या उपचारात उतरायला मात्र वेळ आहे.

हाताशी आहे ते तरी वापरावं. ऑपरेशन एका गावी, केमो दुसऱ्या गावी, असं या भागात होतंच. तेव्हा स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या, फाईलइतकेच जपा, उन्हात ठेवू नका. शौचावाटे रक्त गेलं की ‘मूळव्याधच असेल’ म्हणून महिनोन्‌महिने चूर्णावर काढू नका. आणि घरात कुणाचं आतड्याचं ऑपरेशन झालं असेल, तर रिपोर्टमध्ये त्या चार प्रथिनांची नावं शोधा; नसतील, तर पुढच्या फेरीला डॉक्टरांना विचारा.